कोल्ह्याचं नाव कुठेच नाही

पॅट हचिन्स या इंग्रज चित्रकर्तीचं ‘रोझीज वॉक’ १९६८ साली प्रसिद्ध झालं. अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य आहे आणि त्यात शब्द आहेत ३२. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अंगणातून, तळ्याच्या कडेनं, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवायच्या वेळेला घरी येते. संपलं. नुसता मजकूर कुणाला ऐकवला तर तो म्हणेल, यात सांगण्यासारखं काय आहे?

सांगण्यासारखं सगळं चित्रांत आहे. रोझी निघते तेव्हापासूनच एक कोल्हा तिच्या मागावर आहे. तो झेप घेतो आणि दंताळ्यावर पाय पडून दांडा त्याच्या नाकावर बसतो. पुढच्या झेपेला तो तळ्यात पडतो, त्यापुढच्या झेपेला गंजीत गाडला जातो. गिरणीपाशी रोझीच्या पायात तिच्याही नकळत दोरी अडकते आणि वर टांगलेलं पिठाचं पोतं कोल्ह्याच्या डोक्यावर रिकामं होतं. शेवटी तो एका गाड्यात जाऊन पडतो, गाडा घरंगळत पेट्यांवर आदळतो आणि माश्या त्याला पार पिटाळून लावतात. रोझी एकदाही मागे वळून बघत नाही. कोल्ह्याचा मजकुरात उल्लेखच नाही.

हे पुस्तक मांडीवरच्या मुलाला वाचून दाखवताना मोठ्या माणसाची नजर अक्षरांवर असते. तीस-चाळीस वर्षांची सवय ती, सुटत नाही. मुलाची नजर कोल्ह्यावर असते. कॅनडातल्या मेरी अ‍ॅन एव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबँ या संशोधकांनी गोष्ट ऐकणाऱ्या चारेक वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली यंत्रानं टिपल्या. २००५ साली त्यांनी लिहिलं, की पुस्तकाची मांडणी कशीही असो, मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रच बघत होती. मजकुराकडे त्यांचं लक्ष जेमतेम गेलं. म्हणजे एका पुस्तकाला एकाच वेळी दोन वाचक असतात आणि दोघं दोन वेगळ्या गोष्टी वाचत असतात. मध्येच मूल ओरडतं, “मागे कोल्हा आहे!” आणि वाचणारी आई किंवा आजोबा म्हणतात, “हो हो, पुढे ऐक तर.”

बिघडतं ते इथेच. जे कोंबडीला ठाऊक नाही आणि गोष्ट सांगणाऱ्यालाही ठाऊक दिसत नाही, ते साडेतीन वर्षांच्या माणसाला ठाऊक आहे, ही या पुस्तकाची सगळी गंमत. त्या माणसाला गप्प केलं की उरतात ते ३२ शब्द. छापलेलं मोठ्यानं म्हटलं की आपलं काम झालं, असं आपण धरून चालतो. माझं मत असं, की चित्रपुस्तकात निम्मं वाचन मुलाचं असतं आणि मोठ्या माणसाचं खरं कसब त्याला ते करू देण्यात असतं. हे प्रकरण त्या कसबाविषयी आहे.

चित्र आणि शब्द यांच्यात अशी वाटणी व्हायला बराच काळ जावा लागला. मोराव्हियातला शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस याचं ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ साली न्यूरेंबर्गला छापलं गेलं. दीडशे पाठ, पाठागणिक लाकडी ठशाचं चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे आणि त्या आकड्यांसमोर लॅटिन आणि जर्मन शब्द. चित्र जे दाखवतं तेच शब्द सांगतो. आपल्या भिंतींवरचे फळांचे, प्राण्यांचे तक्ते याच कुळातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रँडॉल्फ कॅल्डेकॉट या इंग्रज चित्रकारानं जुन्या बालगीतांची छोटी पुस्तकं काढली, तेव्हा चित्र शब्दांहून वेगळं काही बोलू लागलं. गाण्याची ओळ एवढीशी असे, तो तिचा आगापिछा रंगवत असे. अमेरिकेत १९३८ पासून दरवर्षी एका चित्रपुस्तकाला जे पदक मिळतं ते त्याच्याच नावाचं.

मॉरिस सेंडाकनं १९६३ साली ही वाटणी आणखी पुढे नेली. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मधला मॅक्स घरभर धिंगाणा घालतो आणि आई त्याला न जेवू घालता खोलीत पाठवते. सुरुवातीला चित्र पानाच्या मध्यावर लहानसं असतं, भोवती पांढरी जागा भरपूर. खोलीचं जंगल होऊ लागतं तसं चित्र पसरत जातं. जंगली प्राण्यांचा धुडगूस सुरू होतो तेव्हा लागोपाठ तीन जोडपानं चित्रांनी काठोकाठ भरलेली आहेत, शब्द एकही नाही. मग चित्र पुन्हा आक्रसतं आणि शेवटच्या पानावर उरतात फक्त शब्द. त्या तीन जोडपानांवर पोचलेला मोठा माणूस गोंधळतो. वाचायला काही नाही, म्हणून तो पानं भराभर उलटतो किंवा मुलानं काही विचारायच्या आत स्वतःच वर्णन सुरू करतो. तिथे गप्प बसावं. मूल बघेल, गुरगुरेल, गादीवर चार उड्या मारेल. ते सारं वाचनच आहे.

चित्र किती वेळ समोर ठेवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली माणसं आपल्याकडे सिंधुदुर्गात आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातली आख्यानं सुट्या कागदांवरच्या चित्रांतून सांगतात. एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथा मात्र सांगणाऱ्याच्या तोंडी असते. एक चित्र उभं करायचं, वाद्यांच्या साथीनं त्यातला प्रसंग गायचा, सांगायचा, मग ते ठेवून पुढचं उचलायचं. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी लहान मुलांसाठी नव्हती, तेव्हा तिला चित्रपुस्तकाची आजी वगैरे म्हणायचा मोह मी टाळतो. पण ‘एका वेळी एकच चित्र’ ही तिची शिस्त लक्षात ठेवण्याजोगी आहे. झोई फ्लॅक आणि जेसिका हॉर्स्ट यांनी २०१८ साली तीनेक वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. समोर एका वेळी दोन चित्रं असली तर नवे शब्द मुलांना कमी समजतात आणि एकच असलं तर जास्त, असं त्यांना आढळलं. ऐकलेला शब्द कोणत्या चित्रातल्या कोणत्या वस्तूचा, हे शोधण्यातच मुलाची शक्ती खर्च होते. उपाय सोपा निघाला. वाचण्याआधी ज्या पानाचं वाचतोय त्यावरून नुसता हात फिरवला की मुलांची अडचण बरीच दूर होत होती.

आता थोडं मागे, अगदी तान्ह्या वयाकडे जाऊ.

पुस्तक नऊ महिन्यांच्या बाळाच्या हाती दिलं की ते तोंडात जातं. कोपरे चघळले जातात, पान फाटतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, “याला कशाला आत्तापासून पुस्तकं?” जूडी डीलोश आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या वयाच्या बाळांसमोर वस्तूंचे हुबेहूब रंगीत फोटो असलेली पुस्तकं ठेवून पाहिली. बाळं चित्रातल्या वस्तू पकडायला बघत होती, नखांनी उचकटत होती, चापट्या मारत होती. अमेरिकेतल्या बाळांनी हे केलं आणि पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टच्या खेड्यांतल्या, जिथे चित्रं फारशी बघायला मिळत नाहीत, त्या बाळांनीही केलं. एकोणीस महिन्यांच्या सुमारास अमेरिकेतल्या मुलांची ही धडपड जवळपास थांबली होती आणि तिच्या जागी बोट दाखवणं आलं होतं. चित्र म्हणजे वस्तू नाही, वस्तूबद्दल काहीतरी आहे, ही गोष्ट मूल असं हातांनी शिकतं. म्हणून त्या वयात जाड पुठ्ठ्याची पुस्तकं द्यावीत आणि चघळू द्यावीत. फाटण्याच्या भीतीनं कपाटात वर ठेवलेलं पुस्तक बाळाच्या लेखी नसल्यासारखंच.

बोट दाखवणं सुरू झालं की आईचं एक विलक्षण काम सुरू होतं. ती ते इतक्या सहज करते की कुणाला ते काम वाटतच नाही. अ‍ॅनत निनिओ आणि जेरोम ब्रुनर यांनी इंग्लंडमध्ये एका मायलेकराच्या जोडीचं त्यांच्या घरी जाऊन चित्रण केलं, मुलगा आठ महिन्यांचा असल्यापासून दीड वर्षाचा होईपर्यंत. १९७८ साली त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा हा, की चित्रं दाखवताना आईचं बोलणं जवळजवळ चारच ठरावीक वाक्यांभोवती फिरत होतं. आपल्याकडे बोलायचं तर:

“अरे, हे बघ!”
“कोण आहे हे?”
“माऊ आहे ना!”
“हो, माऊच.”

बाळानं काही केलं तरी आई ते उत्तर म्हणून घेते. ते हसलं, तोंडानं बुडबुडे काढले, पानावर हात आपटला, तरी ती म्हणते, “हो, माऊच.” बोलण्यात आळीपाळी असते, एकाचं झालं की दुसऱ्याची पाळी, हे बाळाला एकही शब्द येत नसताना समजू लागतं ते अशा ठिकाणी. पुढे बाळाच्या तोंडून शब्दासारखं काही निघू लागलं की हीच आई कडक होते. आता नुसत्या बुडबुड्यावर ती खूश होत नाही, “कोण आहे?” असं पुन्हा विचारते. जे नाव मुलाला येतं हे तिला माहीत आहे, त्याबद्दल विचारताना तिच्या आवाजाची चढणही बदलते, तुला येतंय हे मला ठाऊक आहे असं सांगणारी. कुणी तिला हे शिकवलेलं नसतं. मुलाच्या झेपेच्या किंचित पुढे तिची अपेक्षा सरकत राहते.

ज्या पुस्तकात ओळीही नाहीत, नुसती पानागणिक भूभू, हम्मा, काऊ आहेत, तेही वाचण्याचं पुस्तक आहे ते यामुळे.

मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की घरोघर एक फरक पडतो. काही घरांत पुस्तक वाचलं जातं आणि मूल ऐकतं. काही घरांत मूल बोलतं आणि मोठा माणूस त्याला पुढे ढकलतो. या दोन तऱ्हांची तुलना ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं केली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरची जेमतेम तीसेक सुस्थितीतली कुटुंबं, मुलं पावणेदोन ते तीन वर्षांची. निम्म्या पालकांना थोडक्यात काही गोष्टी शिकवल्या: हो-नाही उत्तराचे प्रश्न कमी करा, ‘काय चाललंय इथे?’ असं विचारा, मूल जे बोलेल त्यात एक-दोन शब्दांची भर घालून ते परत म्हणा, त्याला हुरूप द्या. उरलेल्या निम्म्यांनी नेहमीसारखं वाचायचं होतं आणि तितक्याच वेळा. चार आठवड्यांनी चाचणी घेतली तेव्हा पहिल्या गटातली मुलं बोलून व्यक्त होण्याच्या एका चाचणीत दुसऱ्या गटाच्या साडेआठ महिने पुढे होती. हा निष्कर्ष १९८८ सालचा. गट छोटा होता, कुटुंबं सुशिक्षित होती, हे विसरू नये. नंतर अशा अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले गेले, तेव्हा दोन-तीन वर्षांच्या मुलांत परिणाम चांगला दिसला आणि त्याहून मोठ्या मुलांत कमी. पण दिशा तीच राहिली.

यातलं ‘भर घालून परत म्हणणं’ मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मूल म्हणतं, “भूभू पडला.” आपण म्हणायचं, “हो, भूभू चिखलात धपकन पडला.” चूक दाखवली नाही, शिकवलं नाही, त्याचंच वाक्य थोडं भरभरून त्याला परत केलं.

मात्र हा प्रयोग ऐकून उत्साहात येणाऱ्या पालकांना एक इशारा द्यायला हवा, आणि मराठी मध्यमवर्गीय घरात तो अधिकच. आपल्याकडे प्रश्न विचारायचा म्हटलं की परीक्षाच सुरू होते. “हा कोणता रंग? किती फुलं आहेत, मोज बरं. एलिफंट कुठेय, काकांना दाखव.” मूल गोष्टीत गुंतलेलं असतं, ससा बिळात अडकलेला असतो आणि आपण गाजरं मोजायला लावतो. पाहुण्यांसमोर तर पुस्तकाचा शोभेचा दागिनाच होतो. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असे प्रश्न दीड वर्षाच्या बाळाला खेळ वाटतात, चार वर्षांच्या मुलाला ते उलटतपासणी वाटतात. त्याला विचारायचं तर ज्याचं उत्तर आपल्यालाही माहीत नाही असं विचारावं: “आता हा काय करेल रे?” आणि मग थांबावं. थांबणं अवघड असतं. मोठ्या माणसाला दोन सेकंदांची शांतता सोसवत नाही, मुलाला उत्तर जुळवायला त्याहून जास्त वेळ लागतो. काही गोष्टी एकही प्रश्न न विचारता एका दमात वाचाव्यात, हेही तितकंच खरं. रात्री झोपताना तर नक्कीच.

“परत!” या शब्दाला पालक जितके घाबरतात तितकं बहुधा कशालाच घाबरत नसतील. तेच पुस्तक, तीच गोष्ट, पाठोपाठ. आपण कंटाळून दोन ओळी गाळल्या की मूल पकडतं. एखाद्या गायकाला कुणी अंतरा खाल्ल्याबद्दल अडवावं तसं ते आपल्याला अडवतं. या हट्टात शहाणपण आहे. जेसिका हॉर्स्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांच्या दोन गटांना एका आठवड्यात गोष्टी वाचून दाखवल्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले. फरक एवढाच, की एका गटाला त्याच गोष्टी पुनःपुन्हा ऐकवल्या आणि दुसऱ्याला दर वेळी वेगळ्या. शब्द जास्त आले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना. पहिल्या वाचनात मूल काय घडलं ते बघतं. पुढे काय होणार ते ठाऊक झालं की त्याचं मन मोकळं होतं, आणि मग कोपऱ्यातला बेडूक, खिडकीतली म्हातारी आणि तो अनोळखी शब्द या सगळ्याकडे बघायला सवड मिळते. घरात चारच पुस्तकं आहेत म्हणून वाईट वाटून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

उघडझाप करणाऱ्या खिडक्या, ओढायच्या पट्ट्या, उभं राहणारं कागदी घर असलेल्या महागड्या पुस्तकांविषयीही इथेच बोलून घेतो. डीलोशच्याच गटानं अशी पुस्तकं आणि साधी पुस्तकं यांची तुलना केली, तेव्हा साध्या पुस्तकांतून मुलं जास्त शिकली. खिडकी उघडायच्या नादात आत काय आहे ते राहून जातं. खेळणं म्हणून ती छानच असतात. टॅब्लेटवरच्या पुस्तकांची अडचण थोडी वेगळी आहे. मिशिगनमध्ये ३७ मूल-पालक जोड्यांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की पडद्यावर वाचताना पालक गोष्टीबद्दल कमी बोलतात आणि ‘तिथे दाबू नको’, ‘हात काढ’ यांसारखं यंत्राबद्दल जास्त.

पुस्तकातून मुलाला जे शब्द मिळतात ते घरच्या बोलण्यातून का मिळत नाहीत? घरात आपण मुलाशी बोलतो ते समोरच्या गोष्टींबद्दल, आणि बरंचसं हुकूम सोडत: चल, जेव, चप्पल घाल, तिकडे नको. पुस्तकात मात्र कुणीतरी हिरमुसतं, कुणाला चाहूल लागते, पान अलगद तरंगतं, ढग दाटून येतात. इंग्रजीबाबत डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अ‍ॅरेन्स यांनी १९८८ साली केलेली मोजदाद प्रसिद्ध आहे. हजार शब्दांमागे कमी वापरातले शब्द किती, असं त्यांनी पाहिलं. अजून शाळेत जायला न लागलेल्या मुलांसाठीच्या पुस्तकांत ते सुमारे १६ निघाले, आणि पदवीधर माणसं मित्रांशी बोलतात त्या बोलण्यात सुमारे १७. म्हणजे शब्दांच्या श्रीमंतीत तीन वर्षांच्या मुलाचं पुस्तक शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांच्या जवळपास पोचतं. मराठीची अशी मोजदाद झाली तर आकडे वेगळे येतील. कारण मात्र बदलणार नाही: लिहिणारा शब्द निवडतो, बोलणाऱ्याला तेवढी सवड नसते.

यातून एक पेच उभा राहतो, आणि तो महाराष्ट्रात खराखुरा आहे. पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी, घरात बोलतात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, वारली किंवा गोंडी. आजीनं वाचून दाखवायचं तर कोणत्या भाषेत? काही शिक्षक सांगतात, छापलंय तस्संच वाचा, नाहीतर मुलाला वाईट सवय लागेल. मला हे पटत नाही. मजकूर आहे तसा वाचावा, कारण नवे शब्द आणि नवी वाक्यं त्यातच आहेत. पण त्यावरचं बोलणं, हसणं, ‘अगो बाय, पडलो बघ तो’ हे सगळं घरच्या बोलीत व्हावं. आजीला अक्षरं येत नसतील तर चित्रं बघून तिनं आपल्या बोलीत आपली गोष्ट रचावी. चित्राला बोली नसते. जिथे घरची भाषा मराठीहून पुरतीच वेगळी आहे, तिथे गोष्ट आधी त्या भाषेत व्हायला हवी. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीबरोबर गोंडीतल्याही चित्रकथा आहेत. त्या विनामूल्य वाचता येतात, छापता येतात आणि स्वतः अनुवादही करता येतो. इंग्रजी पुस्तकातली चित्रं दाखवत मराठीत गोष्ट सांगण्यातही काही कमीपणा नाही. परदेशातली कित्येक मराठी घरं गावातल्या वाचनालयातून आणलेली पुस्तकं अशीच वाचतात.

मूळ मराठी चित्रपुस्तकं कमी आहेत ही तक्रार जुनी आणि बरीचशी रास्त. कारण पैशाचं आहे. रंगीत छपाईचा खर्च प्रती जास्त काढल्या तरच परवडतो, आणि प्रती जास्त खपत नाहीत. एके काळी ही उणीव मॉस्कोहून छापून येणाऱ्या, नाममात्र किमतीच्या मराठी पुस्तकांनी काही अंशी भरून काढली. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर त्यातली चित्रं अजून आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका अनेक भाषांत निघाली आणि स्वस्त राहिली. चित्र आणि शब्द एकाच हातातून उतरलेलं बघायचं असेल तर मात्र माधुरी पुरंदरे यांच्याकडे जावं. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेल्या ‘राधाचं घर’ या त्यांच्या संचात राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. ती बोलते ते अगदी लहान मुलाच्या तोंडचं, सरळ. चित्रांतली माणसं मात्र आपापली कामं करत असतात, पसारा पडलेला असतो आणि बघणाऱ्या मुलाला राधा न बोललेलंही दिसतं. प्राणी-पक्ष्यांच्या तात्पर्यकथांनी भरलेल्या आपल्या दुकानांत असं घर सापडणं ही मोठीच गोष्ट आहे.

घरी मांडीवर एक मूल असतं, अंगणवाडीत वीस-पंचवीस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली, तेव्हा मुलांच्या अंगणात जाऊन गोष्टी-गाणी करणं हा तिचा कणा होता. पुस्तक हाती आलं की ताईंची पंचाईत होते, कारण ते स्वतःकडे धरलं तर मुलांना दिसत नाही आणि मुलांकडे धरलं तर स्वतःला वाचता येत नाही. जाणत्या ताई गोष्ट आधी घरी दोनदा वाचून येतात. पुस्तक खांद्याशेजारी, चित्र मुलांकडे करून धरतात, वाक्य म्हणून झाल्यावर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतात आणि फिरवताना बोलत नाहीत. मागच्या रांगेतलं मूल उठून पुढे आलं तर त्याला खाली बस म्हणत नाहीत. पालघरमधली ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमात आणखी एक पायरी चढते. तरुण नट शाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात, आणि नाटकात पाहिलेली गोष्ट मग पुस्तकात शोधायला मुलं आपण होऊन येतात.

काही देशांत पुस्तक बाळापर्यंत पोचवण्याच्या कामात आरोग्यसेवाही उतरली. बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात १९८९ साली ‘रीच आउट अँड रीड’ सुरू झालं: बाळ तपासणीला आलं की औषधाबरोबर एक पुस्तक आणि ते कसं दाखवायचं याचे दोन शब्द. इंग्लंडमध्ये १९९२ साली बर्मिंगहॅममधल्या ३०० बाळांपासून ‘बुकस्टार्ट’ सुरू झालं. आपल्याकडे लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्राबाहेर आया तासन्‌तास बसलेल्या असतात. तिथे पुठ्ठ्याची दहा पुस्तकं ठेवायला फार पैसे लागणार नाहीत.

चार-साडेचार वर्षांच्या सुमारास एक मजेदार टप्पा येतो. मूल आवडतं पुस्तक हाती धरून स्वतःच ‘वाचू’ लागतं, कधी उलटं धरूनही. एलिझाबेथ सल्झबी या अमेरिकी संशोधिकेनं अशा वाचनाचा बारकाईनं अभ्यास करून १९८५ साली त्यातल्या पायऱ्या मांडल्या. सुरुवातीला मूल चित्रातल्या वस्तूंची नुसती नावं घेतं. मग चित्रावरून गोष्ट सांगतं, पण बोलल्यासारखी. पुढे त्याचा सूर बदलतो, वाक्यं पुस्तकी होतात, ‘तेवढ्यात’, ‘मग काय’, ‘असे म्हणून’ असले शब्द येतात. डोळे बंद करून ऐकलं तर मूल खरंच वाचतंय असं वाटावं.

आणि मग एके दिवशी तेच मूल पुस्तक परत देतं. “मला नाही वाचता येत.” घरच्यांना वाटतं, गोडी गेली की काय. सल्झबीच्या मांडणीत हा नकार वरच्या पायरीवर आहे. गोष्ट चित्रांत नाही, आजी जे म्हणते ते त्या काळ्या खुणांमधून निघतं आणि त्या आपल्याला अजून कळत नाहीत, हे मुलाला उमगलेलं असतं. अशा वेळी आग्रह न करता पुस्तक आपल्या हाती घ्यावं आणि ओळ वाचताना तिच्याखालून बोट फिरवावं, मुखपृष्ठावरच्या नावाखालून तर जरूर. इतकी वर्षं ज्या ओळींकडे मुलानं ढुंकूनही बघितलं नव्हतं, तिकडे आता त्याची नजर वळू लागते. वाचून दाखवणं मात्र इथे बंद करू नये. पहिली-दुसरीतलं मूल स्वतः अक्षर जोडत जे वाचू शकतं, त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट ते ऐकून समजू शकतं, आणि नेमकी तेव्हाच बहुतेक घरांत रात्रीची गोष्ट थांबते, आता तुझं तू वाच म्हणून.